पाहुणी म्हणा, लिली म्हणू नका

चामराजपेटेतली ती खोली मला कांद्यामुळे मिळाली.

पगाराची पावती, कंपनीचं पत्र, आधार कार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स काढून मी नीट फायलीत लावून नेल्या होत्या. घरमालकांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. वेताच्या खुर्चीत बसून त्यांनी आधी गाव विचारलं. नाशिक जिल्हा, निफाडजवळ, असं मी सांगताच ते सरसावून बसले.

"म्हणजे कांद्याच्या गावची की. सांग बघू, कांद्याच्या फुलाला पाकळ्या किती?"

कांदा मी चिरला होता, चाळीत भरला होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडला होता. बियाण्याच्या कांद्याला डेंगळे येतात, त्यांच्या टोकाला पांढरे गोंडे असतात, हेही माहीत होतं. पण त्या गोंड्यातलं एक फूल हातात घेऊन मोजावं असं आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसेल. मी अंदाजानं ठोकून दिलं, सहा.

"तीन," ते म्हणाले, "आणि तीन. बाहेरच्या तीन, आतल्या तीन. सहा म्हणणारा नुसता मोजतो." मग आत वळून त्यांनी बायकोला हाक मारली आणि सांगितलं की वरची खोली हिला द्यायची, अर्धं उत्तर बरोबर आलंय. भाडं किती, पाणी किती वाजता येतं, गेट किती वाजता लागतं, हे मला नंतर अक्कांनी सांगितलं.

अक्का म्हणजे त्यांची बायको. घरमालकांना सगळी गल्ली सर म्हणायची, मीही म्हणू लागले. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. त्यांचे पूर्वज तीनचारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं आणि माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी. माझी भाषा बिघडलेली आहे असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या भाषेबद्दल माझं मत मी भाडेकरू असल्यानं मनातच ठेवलं.

सरांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या. एकदल आणि द्विदल. हे त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं करून शिकवलं. भिजवलेला हरभरा चिमटीत दाबला, त्याची दोन दळं झाली. तांदळाचा दाणा दाबला, तो तसाच राहिला. "ज्याची डाळ होते तो द्विदल. ज्याची होत नाही तो एकदल. आयितु, झालं." मग एकदलांची पानं, त्यांतल्या शिरा कशा एकीशेजारी एक सरळ जातात, द्विदलांच्या पानात कशी जाळी असते, एकदलांच्या फुलात सगळं तीनच्या हिशेबात कसं असतं, हे झालं. अक्कांचे सगळे डबे त्यांनी या हिशेबानं दोन फळ्यांवर लावले होते. तांदूळ, गहू, हळद, वेलची, सुंठ, सुकं खोबरं एका फळीवर. डाळी, मोहरी, मिरची दुसऱ्या फळीवर. फोडणी करताना अक्कांना सारखं इकडून तिकडे जावं लागे. त्या काही बोलत नसत, फक्त डबा जरा जोरात ठेवत.

हीच विभागणी ते माणसांनाही लावायचे. सरळ रेषेत चालणारा, एका वेळी एकच गोष्ट करणारा माणूस एकदल. गॅसवाला एकदल, कारण तो सिलिंडर ठेवून सरळ निघून जायचा. समोरचा लग्नपत्रिका छापणारा द्विदल, कारण त्याच्या प्रत्येक गोष्टीला दहा फाटे असत आणि ते परत एकमेकांत गुंतलेले. माझ्याआधीचा भाडेकरू कट्टर द्विदल होता म्हणे. माझी परीक्षा दोन महिने चालली, मग मला सांगण्यात आलं की मी मुळात एकदल आहे पण नोकरीमुळे जाळी पडत चालली आहे.

एकदलांमध्ये त्यांचा जीव होता तो लिलीच्या कुळावर. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची मुलं शिकवणीला येत. सर पहिले दोन महिने फक्त लिलीचं कूळ शिकवायचे. यावर परीक्षेत जेमतेम एक प्रश्न येतो, असं एका मुलाच्या वडिलांनी बिचकत बिचकत सांगितलं, तेव्हा सर म्हणाले की मग तो तरी चुकायला नको. पुढच्या आठवड्यापासून तो मुलगा दिसला नाही.

खरी लिली ओळखायची त्यांची खूण साधी होती. फुलाच्या मधोमध, जिथं पुढं बी धरतं, तो फुगीर भाग म्हणजे अंडाशय. तो पाकळ्यांच्या बुडापेक्षा वर असेल तर लिलीचं कूळ. खाली असेल तर नाही. रंग, वास, दुकानदारानं सांगितलेलं नाव, यांतलं काही चालत नसे. ते खिशात दाढीचं पातं आणि घडीचं भिंग बाळगत, आणि पाहिल्याशिवाय कुठल्याही फुलाचं नाव घेत नसत. "लोकं काय म्हणतात ते नको," हे त्यांचं पालुपद होतं. "फूल काय म्हणतंय ते सांग."

आमच्या व्हाइटफील्डच्या ऑफिसात रिसेप्शनवर पीस लिलीच्या कुंड्या होत्या. मी हौसेनं फोटो पाठवला. उत्तर एका शब्दात आलं, "आळू." ती आळूच्या घराण्यातली आहे हे संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. पाण्यातल्या लिलीचं नाव काढलं तर त्यांचा चेहरा कडू व्हायचा, कारण ती एकदलसुद्धा नाही. मी फोनवर झाडं ओळखणारं एक ॲप घेतलं होतं, ते त्यांना दाखवलं. त्यानं एकाच झाडाची तीन नावं टक्केवारीसकट दिली. सरांनी फोन परत केला आणि हा गडी मटक्याच्या अड्ड्यावर शोभेल म्हणाले.

एकदा नात्यातल्या लग्नाला मला बरोबर नेलं. स्टेजच्या मागं पांढऱ्या फुलांची भिंत केली होती आणि सजावटवाला येईल त्याला सांगत होता, सगळी लिली आहे सार, पूर्ण लिली. अक्कांनी तिथंच माझा हात दाबला. सर आहेराच्या रांगेत शांतपणे उभे राहिले, नवरानवरीपर्यंत पोहोचले, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि मागच्या भिंतीतलं एक फूल खुडून पातं काढलं. फोटोग्राफरला वाटलं हा काही विधी आहे, तो फोटो काढत राहिला. रांग खोळंबली. नवरीच्या मामांनी दोनदा घसा खाकरला. सरांनी फूल उभं चिरलं, आडवं चिरलं, भिंगातून पाहिलं, आणि मग खाली उतरून थेट सजावटवाल्याकडे गेले. मला वाटलं आता धिंडवडे निघणार. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि भर मांडवात कबूल केलं की आपण संशय घेतला, चूक झाली, लिली खरी आहे. नंतर जेवणं होईपर्यंत ते त्या भिंतीपाशीच हरखून उभे होते आणि घरी उपाशी आले. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या खांद्यावरून एक भिंग दिसतं.

माणूस हटवादी होता, पण स्वतःला सूट देणारा नव्हता. नव्या संशोधनात लिलीचं जुनं मोठं कूळ मोडलं आणि कांदा, लसूण, शतावरी, कोरफड अशी एकेकाची पांगापांग झाली. सरांना हे कधीच ठाऊक होतं, पण ते शाळेच्या पुस्तकात शिरल्याचं एका विद्यार्थ्यानं दाखवलं तेव्हा त्यांना लागलं. एकत्र कुटुंब फुटल्यासारखे ते दोन दिवस गप्प होते. कांदा लिलीच्या घरातून निघून लिलीशी सोयरिकीच्याही दूरच्या घरात गेला, म्हणून त्यांनी महिनाभर कांदा खाल्ला नाही. महिना संपल्यावर, पुरावा आहे तर मानायला हवं, असं म्हणून त्यांनी कांद्याचं थालीपीठ मागितलं.

घरातल्या प्रत्येक झाडाला त्यांची पाटी होती. तीन ओळींची. नाव, तारीख, आणि तिसरी ओळ "ओळखणार", तिथं सरांची आद्याक्षरं. ती तिसरी ओळ महत्त्वाची, ते म्हणायचे, कारण चूक निघाली तर धरायचं कुणाला. शंभरेक पाट्या असतील. माझ्या दारासमोर गच्चीवर एक कुंडी होती, तिची पाटी तेवढी कोरी होती.

ती अक्कांची कुंडी. त्यांची आई गेली आणि कोलारचं घर आवरलं, तेव्हा भावांनी भांडी वाटून घेतली आणि अक्कांनी परसातला एक कंद रुमालात बांधून आणला. "आईची लिली," अक्का म्हणायच्या. "लिली म्हणू नका," सर लगेच म्हणायचे. "फूल येईपर्यंत पाहुणी म्हणा." या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. पट्ट्यासारखी हिरवीगार पानं होती, कंद मुठीएवढा झाला होता, फूल एकदाही नाही. तसली कुंडी गल्लीत दर तिसऱ्या घरात होती. कोपऱ्यावरची फुलवाली जिना चढून आली तरी सांगायची, लिली की अक्का ही, लाल येते. सर मान हलवायचे. कंद उकरून पाहणं त्यांना पाहुणीच्या अंगाला हात लावण्यासारखं वाटायचं. रोज सकाळी सात वाजता ते मापाच्या मगानं तिला पाणी घालायचे आणि वहीत लिहायचे. त्या वहीच्या अनेक वह्या झाल्या होत्या. अक्का मात्र दर उन्हाळ्यात, इतर काही काम असल्याचं दाखवत, गच्चीवर येऊन कुंडीत डोकावून जायच्या. एकदा म्हणाल्या, आईच्या दारात ही फुलली की ती मला कोलारहून निरोप धाडायची. माझ्या हयातीत एकदा बघितली की झालं.

गेल्या जानेवारीत सर सुपारीच्या झाडाला पाटी बांधताना स्टुलावरून पडले आणि कमरेचं हाड मोडलं. एकदलानंच पाडलं, तेवढं समाधान, असं त्यांनी ॲम्ब्युलन्समध्ये सांगितलं. ऑपरेशन झाल्यावर मुलगी दोघांना व्हाइटफील्डच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. खालच्या झाडांचं पाणी कामवालीकडे आलं. पाहुणी माझ्याकडे आली, मापाच्या मगासकट.

आठवडाभर मी इमानेइतबारे पाणी घातलं. मग ऑफिसात नव्या व्हर्जनची गडबड सुरू झाली. मेट्रो पकडायला सहालाच अंधारात बाहेर पडायचं, परतायचंही अंधारात आणि तोवर अंगात त्राण नसायचं. सरांचा संध्याकाळी फोन यायचा, एकच शब्द, "पाणी?" पहिल्या दिवशी खोटं बोलताना जीभ अडखळली. चौथ्या दिवशी अडखळली नाही. नंतर तर मी अर्धा मग कमी घातला, आज ढग होते, असे तपशीलही पुरवू लागले. ते वहीत उतरवून घेत असणार हे मला माहीत होतं. फेब्रुवारी गेला, मार्च निम्मा गेला. मग एका रविवारी सकाळी फोनवर अक्का आल्या आणि त्यांनी विचारलं, आईची लिली बरी आहे ना ग.

बरी आहे, असं सांगून मी कुंडीपाशी गेले. एक पान हिरवं नव्हतं. सगळी पिवळी पडून कुंडीच्या काठावरून लोळत होती आणि माती भाजल्यासारखी भेगाळली होती. एका बाईनं आईच्या घरातून आणलेली एकुलती एक वस्तू मी आळसानं मारली होती, आणि वर रोज तिच्या तब्येतीच्या बातम्या देत होते. दुसरा कंद आणून कुंडीत पुरावा असंही एकदा मनात आलं. ते करण्याइतकी मी धीट नव्हते, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. मी दोन बादल्या पाणी ओतलं, वाळलेली पानं काढली, देवाचं नाव घेतलं. दहाबारा दिवसांनी कंदाच्या कुशीतून हिरवी चोच बाहेर आली. पान नव्हतं ते. जाड दांडा होता, टोकाला मिटलेली कळी.

मी फोन केला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "रंग सांगू नकोस. फोटो पाठवू नकोस. उमललं की घेऊन ये." त्यांना स्वतःच यायचं होतं, पण डॉक्टरांनी गाडीत बसायला मनाई केली होती आणि मुलीनं चप्पल लपवली होती.

शनिवारी सकाळी पहिलं फूल उघडलं. मी कुंडी कुशीत घेऊन मेट्रोत निघाले. तपासणीच्या यंत्रापाशी रखवालदारानं हे काय म्हणून विचारलं. लिली असं साधं उत्तर देऊन सुटता आलं असतं, पण माझ्या तोंडून ते निघेना. पाहुणी आहे, मी म्हणाले. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा फुलाकडे पाहिलं आणि यंत्रात न घालता हातानं आत सोडलं. मॅजेस्टिकला गाडी बदलल्यावर एका आजींनी उठून कुंडीला जागा दिली. मी उभीच होते.

फ्लॅटवर सर वॉकर धरून दारात उभे होते. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर पातं, भिंग, ओलं फडकं मांडून ठेवलं होतं. अक्का नवी साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी फूल पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. शेंदरी लाल, मध्ये पांढरी चांदणी. कोपऱ्यावरची फुलवाली बावीस वर्षं सांगत होती तेच.

सरांनी भिंग उघडलं. बाहेरच्या तीन, आतल्या तीन, पुंकेसर तीन आणि तीन, असं पुटपुटत त्यांनी मोजलं. मग फूल अलगद कलतं करून पाकळ्यांच्या बुडाशी पाहिलं. मी शेजारीच होते, मलाही दिसलं. पाकळ्या जिथं संपत होत्या त्याच्या खाली, हिरव्या वेलचीएवढा फुगवटा. खाली. अर्ध्या उत्तरावर खोली मिळवलेल्या मलाही आता त्याचा अर्थ कळत होता. सर मात्र भिंग डोळ्याला लावून तसेच वाकून राहिले. एकदा त्यांनी मान वळवून अक्कांकडे पाहिलं. मग भिंग मिटलं, पातं वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला सारलं आणि म्हणाले, "लिली आहे. तुझी आई बरोबर होती."

भर लग्नात रांग खोळंबवणारा हा माणूस माझ्या देखत खोटं बोलला. मी खिडकीबाहेर बघू लागले.

अक्का उठल्या. चष्मा लावला, फुलाच्या हनुवटीला बोट लावून ते वर केलं आणि नीट निरखलं.

"खाली आहे हो," त्या म्हणाल्या.

सर भिंगाची घडी उघडझाक करू लागले.

"भिंतीपलीकडे तुमची शिकवणी ऐकत मी इतकी वर्षं पोळ्या लाटल्या. वर असेल तर लिली, खाली असेल तर नाही. हे खाली आहे. म्हातारपणी आता खोटं शिकता की काय?"

"सरी, बरोबर," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, पण चेहऱ्यावर एखादा विद्यार्थी पहिला आल्यासारखा आनंद होता. "खाली आहे. लिली नाही. नव्या वाटणीत कांदा ज्या घरात गेला, त्या घरची."

"आई म्हणायचीच, कांद्यासारखी दिसते," अक्का म्हणाल्या आणि परत खुर्चीत जाऊन फुलाकडे बघत बसल्या.

मग सरांनी वही उघडली. बावीस वर्षं आलं नाही ते यंदाच का, हे त्यांना हवं होतं. त्यांनी माझ्या नावावरचे सगळे मग, अर्धे मग, ढगाळ दिवस वाचून दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला मला ते सोसवेना. मी सांगून टाकलं. जानेवारीपासून थेंबही घातला नाही, रोज खोटं बोलले, मग घाबरून दोन बादल्या ओतल्या. आता खोली जाणार, हे मी धरूनच चालले होते.

अक्का हसू लागल्या. त्यांना हसू आवरेना. कोलारला त्यांची आई दिवाळी झाली की ही कुंडी जिन्याखाली सारायची आणि उगादीपर्यंत, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत, तिच्याकडे ढुंकून पाहायची नाही. तहानली की फुलते, असं म्हणायची.

"मग मला का नाही सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"सांगितलं की. कंद आणला त्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, लोकं काय करतात ते नको."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळले. पाणी कुठल्या तारखेला बंद केलंस, त्यांनी विचारलं. मला तारीख आठवत नव्हती. आणि मग ते खरोखर भडकले. खोटं बोललीस त्याचं काही नाही, झाड मरता मरता राहिलं त्याचंही नाही, पण बावीस वर्षांत एकदा जमलेला प्रयोग आणि त्याची तारीख नाही, याला काय म्हणावं. पाऊण तास मी बोलणी खाल्ली. निघताना अक्कांनी डब्यात चित्रान्न दिलं.

आता मी मारतहळ्ळीला राहते, ऑफिस जवळ पडतं म्हणून. मागच्या महिन्यात चामराजपेटेत गेले तर सर काठी घेऊन दारात उभे होते. पाहुणी गच्चीवर नव्हती. दिवाळी झाली होती, ती जिन्याखाली होती, आणि तिला पाटी लागली होती. मी वाकून वाचली. पहिल्या ओळीत लांबलचक शास्त्रीय नाव. दुसऱ्या ओळीत त्या शनिवारची तारीख. तिसऱ्या ओळीत, "ओळखणार" या शब्दापुढं, सरांची आद्याक्षरं नव्हती. तिथं अक्कांचं लग्नाआधीचं पूर्ण नाव होतं, आणि पुढं कोलार.

या एका पाटीला चौथी ओळ होती. "पाणी बंद ठेवणारी" असं लिहून माझं नाव घातलं होतं, आणि त्यापुढं लाल शाईनं, खाली दोनदा रेघ मारून, "तारीख: नोंद नाही."